पंपावरच्या तेलविहिरीत गॅस आणि द्रवाचा प्रवाह अस्थिर का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर दुपारी नीट चालते, रात्री निम्मंच तेल देते, सकाळी पुन्हा ठिकाणावर. वैतागून पंप बाहेर काढावा, तर तो धड निघतो. मग तोच किंवा नवा पंप खाली सोडायचा आणि आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. अशा विहिरींवर काम करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं सकर रॉड पंपाला, म्हणजे वर डोलणारी तुळई असलेल्या पंपाला, धरून आहेत. बुडीत विद्युत पंप आणि स्क्रू पंप यांच्याबद्दल पुढे आहे.

प्रवाह अस्थिर आहे म्हणजे नेमकं काय?

थरातून विहिरीत येणारा पाझर तोच, पंपाची गती तीच, तरी वर येणाऱ्या तेलाचं आणि गॅसचं प्रमाण सतत वरखाली होतं. थोडी चढउतार सगळीकडेच असते. काळजी करायची ती ठरावीक वेळाने येणाऱ्या झटक्यांची: आधी नुसता गॅस, मग तेलाचा लोंढा, मग काहीच नाही.

विहीर स्वतःहून वाहत नाही म्हणून तर पंप लावला. मग एवढा गॅस येतो कुठून?

बराचसा तेलातूनच. खोल थरात दाबाखाली गॅस तेलात विरघळलेला असतो. दाब एका मर्यादेखाली उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. या मर्यादेला बबल पॉइंट म्हणतात. पंपाचं कामच मुळी विहिरीच्या तळाचा दाब उतरवून पाझर वाढवण्याचं. म्हणजे पंप जितका चांगला उपसा करेल, तितका जास्त गॅस तो स्वतःच्याच तोंडाशी सोडवून घेणार. ही अडचण पंपाच्या यशातूनच जन्मते, त्यामुळे ती मुळापासून संपवता येत नाही. गॅसला वाट करून देणं एवढंच आपल्या हाती असतं.

पंपात थोडा गॅस शिरला तर बिघडतं काय?

आधी पंप कसा चालतो ते पाहू. तत्त्व हापशाचंच. बॅरलच्या तळाशी स्टँडिंग व्हॉल्व्ह आणि वरखाली होणाऱ्या प्लंजरमध्ये ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह. प्लंजर वर जाताना खालचा व्हॉल्व्ह उघडून बॅरल भरतं. खाली येताना खालचा मिटतो, बॅरलमधला दाब वाढतो, वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि द्रव प्लंजरच्या वर जातो.

द्रव दबत नाही, त्यामुळे वरचा व्हॉल्व्ह लगेच उघडतो. गॅस दबतो, आणि सगळा घोळ तिथे आहे. पंप १५०० मीटरवर आहे आणि ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, पाण्याच्या ०.८५ पट घनतेचं तेल भरलंय असं धरा. ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्हवर साधारण १२५ बारचा भार झाला. पंपाच्या तोंडाशी दाब ५ बार. प्लंजरची चाल ३ मीटर, आणि तळाला टेकण्याआधी बॅरलमध्ये ३० सेंटिमीटर जागा उरते. बॅरल पूर्ण गॅसने भरलं असेल तर ३.३ मीटरचा गॅस ०.३ मीटरमध्ये दबेल, म्हणजे ११ पट. ५ गुणिले ११ म्हणजे ५५ बार. १२५ बारचा व्हॉल्व्ह ५५ बारने उघडत नसतो. प्लंजर वर जाताना तोच गॅस पुन्हा फुगतो आणि स्टँडिंग व्हॉल्व्हलाही उघडू देत नाही. तुळई डोलतेय, मोटर वीज खातेय, वर थेंब नाही. हा गॅस लॉक.

आता तीच उरलेली जागा १० सेंटिमीटरवर आणा. ३.१ भागिले ०.१ म्हणजे ३१ पट, दाब १५५ बार. व्हॉल्व्ह उघडला. तापमानाचा परिणाम या हिशेबात धरलेला नाही, पण पंप बसवताना स्पेसिंगसाठी, म्हणजे ही उरलेली जागा नेमकी ठेवण्यासाठी, अनुभवी माणूस एवढा का अडून बसतो ते यातून कळावं.

गॅस लॉक आपोआप सुटतो का?

बहुतेक वेळा सुटतो. प्लंजर आणि बॅरल यांच्या फटीतून थोडं तेल कायम खाली झिरपत असतं. ते तळाच्या रिकाम्या जागेत साठतं आणि गॅसला दबायला जागा कमी पडते. दुसरीकडे पंप उपसत नाही म्हणून अ‍ॅन्युलसमध्ये, म्हणजे केसिंग (विहिरीच्या भिंतीला लावलेला बाहेरचा पाइप) आणि ट्यूबिंगच्या मधल्या पोकळीत, पातळी चढत जाते आणि पंपाच्या तोंडाशी दाब वाढतो. वरच्याच उदाहरणात तो दाब साडेअकरा बारच्या जवळ गेला, म्हणजे पातळी आणखी ७५-८० मीटर चढली, की व्हॉल्व्ह उघडेल.

कायमचा गॅस लॉक त्यामुळे वाटतो तेवढा सर्रास आढळत नाही. नेहमीचं दुखणं म्हणजे प्रत्येक फेरीत बॅरल अर्धमुर्ध भरणं, ज्याला गॅस इंटरफिअरन्स म्हणतात. ते विहीर बंद पाडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पंप खाली आपटवला की लॉक सुटतो असं ऑपरेटर सांगतात. खरं का?

सुटतो, हे खरं. हादऱ्याने व्हॉल्व्हचा गोळा जागेवरून हलतो आणि गॅस निसटतो. पण दर फेरीला आपटत ठेवलेला पंप मी जेव्हा जेव्हा उघडलेला पाहिला, तेव्हा व्हॉल्व्हचा पिंजरा ठेचलेला आणि रॉडचे जोड सैल झालेले होते. अडल्या वेळी दोन-चार ठोके दिले तर समजू शकतो. रोजचा रिवाज करू नका.

पंप अर्धवट भरतोय. गॅसमुळे, की विहीरच उपसून झाली?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. दोन्हींत बॅरल अपुरं भरतं, दोन्हींत उत्पादन पडतं, पण उपाय उलटे आहेत. उपसा पाझराहून जास्त झाला असेल तर पंप हळू करायचा. गॅस आड येत असेल तर पंप हळू करून तेल खालीच राहील.

डायनामोमीटर कार्डावर, म्हणजे रॉडवरचा भार आणि त्याची जागा यांच्या आलेखावर, फरक दिसतो. विहीर उपसून झाली असेल तर बॅरलमधला गॅस अगदी कमी दाबाचा असतो. प्लंजर भार घेऊन तसाच खाली येतो आणि द्रवाच्या पृष्ठभागावर धपकन आदळतो. आलेखात रेघ सरळ खाली कोसळते. याला फ्लुइड पाउंड म्हणतात. गॅस आड येत असेल तर तो हळूहळू दबत जातो, भारही हळूहळू उतरतो, आणि कोपरा कमानीसारखा गोल होतो. पंपाजवळ बसवायचं असं भारमापक यंत्र डब्ल्यू. ई. गिल्बर्ट यांनी १९३६ मध्ये मांडलं होतं. १९६३ मध्ये एस. जी. गिब्स यांनी रॉडमधून जाणाऱ्या लहरींचं गणित सोडवलं, आणि जमिनीवरच्या मापांवरून खालचं कार्ड काढता येऊ लागलं. आजचे कंट्रोलर, म्हणजे कार्ड पाहून पंप आपोआप थांबवणारी यंत्रं, त्याच गणितावर चालतात.

तरी नुसत्या कार्डावर भिस्त ठेवू नका, कमान आणि कोसळ यांच्या मधले आकार पुष्कळ असतात. अ‍ॅन्युलसमधली पातळी मोजा. पातळी पंपाच्या तोंडाशी आली असेल तर विहीर उपसून झाली. पातळी शेकडो मीटर वर आणि तरी बॅरल भरत नसेल तर गॅस आड येतोय. (स्टँडिंग व्हॉल्व्हखाली कचरा किंवा मेण अडकलं तरी पातळी चढलेलीच राहते, तेवढं तपासून घ्या.) पातळी न मोजता पंप बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पातळी कशी मोजतात, आणि ती फसवू शकते का?

विहिरीच्या तोंडाशी गॅसचा एक ठोका देऊन प्रतिध्वनी ऐकतात. गॅसमध्ये आवाज सेकंदाला ३५० मीटर जात असेल आणि प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला, तर पातळी ७०० मीटरवर. वेगाची खात्री नसेल तर ट्यूबिंगच्या जोडांवरून येणारे बारीक प्रतिध्वनी मोजायचे. एक पाइप साधारण साडेनऊ मीटरचा असतो.

फसवते, तीही चांगलीच. गॅस सतत वर जात असेल तर अ‍ॅन्युलसमध्ये तेलाचा स्तंभ नसतो, फेसाळ मिश्रण असतं. १०० मीटर उंच दिसणाऱ्या स्तंभात खरं तेल ३०-४० मीटरपुरतंच असू शकतं. अशा वेळी केसिंगचा व्हॉल्व्ह थोडी मिनिटं बंद ठेवून दाब किती वेगाने चढतो ते पाहतात. त्यावरून वर येणाऱ्या गॅसचं प्रमाण आणि स्तंभातलं खरं तेल दोन्हींचा अंदाज येतो.

पंप ठीक, पाझर ठीक, तरी दर दोन-अडीच तासांनी उत्पादन कोसळतं. का?

कारण अ‍ॅन्युलस ही गॅसची टाकी आहे, आणि टाकी भरायला-रिकामी व्हायला वेळ लागतो. आकडे घालून पाहू. साडेपाच इंची केसिंगचा आतला व्यास धरा १२५ मिलिमीटर, त्यात ६० मिलिमीटरची ट्यूबिंग. मधल्या पोकळीचं क्षेत्रफळ सुमारे ९४ चौरस सेंटिमीटर. पातळी १००० मीटरवर असेल तर वर ९.४ घनमीटर गॅसची टाकी तयार झाली. तिथे दाब १ बारने चढायला वातावरणाच्या दाबाला मोजलेला तेवढाच, ९.४ घनमीटर, गॅस लागतो. दिवसाला ५०० घनमीटर गॅस अ‍ॅन्युलसमधून वर येत असेल आणि बाहेर पडायची वाट बंद असेल, तर १ बारला लागतात सुमारे २७ मिनिटं. १ बार म्हणजे तेलाची १२ मीटर उंची. पंपावर ६० मीटर तेल असेल तर ५ बार चढायला सव्वादोन तास, आणि तेवढ्यात पातळी पंपाच्या तोंडाशी येते. मग पंप गॅस ओढू लागतो.

हा हिशेब मी एकदा एका विहिरीच्या चौथऱ्यावर उभं राहून, हातमोज्याच्या पाठीवर खडूने केला होता. त्या विहिरीवर तीन महिन्यांत दोनदा पंप बदलून झाला होता. दुपारभर केसिंगच्या गेजकडे बघत बसलो. काटा संथपणे चढायचा, दोन तास उलटले की केसिंग लाइनमध्ये धाडकन आवाज व्हायचा, काटा पडायचा, आणि पुढचा अर्धा तास रॉड पंपाचं कार्ड कमानीसारखं. लाइनवरच्या चेक व्हॉल्व्हच्या (गॅसला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) झडपेवर मेण साचलं होतं. ती चिकटून बसायची आणि दाब पुरेसा चढला की एकदम सुटायची. दाब अचानक उतरला की थरातून गॅसचा लोट यायचा आणि अ‍ॅन्युलसमधलं तेल सोड्याच्या बाटलीसारखं फसफसायचं. झडप साफ केली, पंपाला हातही लावला नाही. विहीर चालू लागली.

चक्राचा कालावधी आणि टाकी भरायचा वेळ जुळतोय का, हे आधी पाहा. जुळत असेल तर दोष बहुधा वर आहे, खाली नाही.

केसिंगचा गॅस मोकळा सोडावा, की दाब राखावा?

मोकळा, म्हणजे चेक व्हॉल्व्हमधून तेलाच्या लाइनमध्ये किंवा गॅस गोळा करायच्या लाइनमध्ये. केसिंग बंद असेल तर गॅसला पंपातून जाण्यावाचून मार्ग उरत नाही. लाइनचा दाबच जास्त असेल तर छोट्या कॉम्प्रेसरने केसिंगचा गॅस ओढून घेतात.

अपवाद एकच लक्षात ठेवा: बंद असलेला केसिंग व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडू नका. वरच्या गोष्टीतली फसफस तुम्ही हाताने घडवून आणाल. थोडा थोडा उघडा, मध्ये थांबा.

कधी कधी विहीर पंपाशिवायच उसळते आणि मग ट्यूबिंग कोरडी पडते. हे काय?

पंपातून गेलेला गॅस ट्यूबिंगमध्ये वर चढताना दाब कमी होत जातो तसा फुगतो. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये तो इतका फुगतो की वरचं तेल ढकलून बाहेर फेकतो. भार हलका झाला की खालचा गॅस आणखी फुगतो, तोही तेल फेकतो. पाहणाऱ्याला वाटतं विहीर फॉर्मात आली. मागोमाग ट्यूबिंगचा वरचा भाग रिकामा, पंप तो भरत बसणार, आणि तोवर वर काही नाही.

यात बळी जातो स्टफिंग बॉक्सचा, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी रॉडभोवती गळती रोखणाऱ्या पॅकिंगच्या डब्याचा. त्यातून सरकणाऱ्या पॉलिश्ड रॉडला तेलाचं वंगण मिळत नाही, पॅकिंग तापतं, जळतं आणि गळती सुरू होते. वारंवार पॅकिंग जळणाऱ्या विहिरीत पॅकिंगचा ब्रँड बदलण्याआधी ट्यूबिंग उसळतेय का ते पाहा. उपाय म्हणजे ट्यूबिंगच्या तोंडाशी दाब राखणारा व्हॉल्व्ह. पण गरजेपुरताच. तो दाब पंपाच्या डोक्यावरही बसतो, म्हणजे ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह उघडायला गॅस आणखी दाबावा लागतो.

गॅस पंपात शिरण्याआधीच वेगळा कसा करायचा?

सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग: पंपाचं तोंड पर्फोरेशनच्या, म्हणजे थरातलं तेल आत येण्यासाठी केसिंगला पाडलेल्या भोकांच्या, खाली न्या. थरातून येणारं मिश्रण केसिंगमध्ये शिरलं की गॅस वर जातो, द्रव खाली पंपाकडे उतरतो. केसिंगच सेपरेटर होते. त्यासाठी विहीर खोदतानाच खाली थोडी जास्तीची खोली ठेवावी लागते, आणि तेव्हा पैसे वाचवायच्या नादात ती कापली जाते.

सूत्र असं: द्रव सेकंदाला १५ सेंटिमीटरपेक्षा हळू उतरत असेल तर सुमारे ६ मिलिमीटरचे बुडबुडे त्याच्या विरुद्ध वर निसटू शकतात. त्याहून वेगात उतरला तर बुडबुडे ओढले जातात. याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटर मोकळ्या जागेमागे दिवसाला साधारण सव्वा घनमीटर द्रव. वरच्या केसिंगमध्ये ९४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे दिवसाला १२० घनमीटरच्या आसपास.

पंप पर्फोरेशनच्या वर ठेवावा लागला तर त्याखाली गॅस अँकर लावतात: बाहेर भोकांचा पाइप, आत बारीक नळी. द्रव भोकांतून आत येतो, दोन नळ्यांच्या मधून खाली उतरतो आणि आतल्या नळीतून पंपात चढतो. बाहेरचा पाइप आतून ६२ मिलिमीटर आणि नळी बाहेरून ३३ मिलिमीटर असेल तर मधली जागा २२ चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. क्षमता २७-२८ घनमीटर. दिवसाला ६० घनमीटर उपसणाऱ्या विहिरीत असा अँकर लावून "सेपरेटर आहे की" असं सांगणारे भेटतात. तो शोभेला आहे. उलट नळी फार बारीक किंवा लांब घेतली तर तिच्यातल्या घर्षणाने दाब आणखी उतरतो आणि सेपरेटरच्या आतच नवा गॅस सुटतो.

आडव्या विहिरींत हा त्रास जास्त का?

आडवा भाग कागदावर सरळ असतो, जमिनीत नागमोडी. खोलगट जागी तेल-पाणी साचतं, उंचवट्यावर गॅस कोंडतो. गॅसचा दाब पुरेसा वाढला की तो पुढच्या खोलगटातलं सगळं द्रव एका झटक्यात ढकलतो. पंपाकडे आधी द्रवाचा लोंढा येतो, मागून गॅसचा. सरासरीवर आखलेला सेपरेटर लोंढ्यापुढे टिकत नाही. सेपरेटर सरासरीवर नव्हे, लोंढ्याच्या वेगावर आखा, आणि पंप शक्यतो अशा जागी ठेवा जिथे लोंढा आधी मोठ्या केसिंगमध्ये मोकळा होईल.

पंपाची गती वाढवून गॅसवर मात करता येते का?

नाही. द्रव खाली उतरायचा वेग वाढतो, सेपरेटर निकामी होतो. गॅसच्या विहिरीत लांब चाल आणि संथ गती बरी.

बुडीत विद्युत पंपात काय होतं?

मोटरसकट विहिरीत सोडायचा हा पंप आर्मेस अरुतुनोव्ह या अभियंत्याने १९२० च्या दशकात तेलविहिरींत आणला. त्यात एकावर एक रचलेली चक्रं द्रव भिरकावून वर ढकलतात. जड द्रव बाहेर फेकला जातो, हलका गॅस चक्राच्या मध्याशी गोळा होतो आणि वाट अडवतो. द्रव सरळ बाहेरच्या दिशेने फेकणाऱ्या साध्या त्रिज्य चक्रांची कामगिरी तोंडाशी सुटा गॅस १० ते १५ टक्क्यांवर गेला की ढासळू लागते. मिश्र प्रवाहाची चक्रं साधारण २० ते २५ टक्के झेलतात. त्यापुढे फिरता सेपरेटर किंवा गॅस हाताळणारी खास चक्रं लावावी लागतात.

लक्षण मोटरच्या करंटवर दिसतं. गॅस आला की भार कमी, करंट पडतो. द्रव आला की चढतो. तक्त्यावरची रेघ करवतीसारखी होते आणि शेवटी कमी भारामुळे पंप बंद पडतो. लगेच पुन्हा चालू करू नका. ट्यूबिंगमधलं तेल खाली येताना पंप उलटा फिरत असतो, त्याच क्षणी मोटर सुरू केली तर दांडा पिळवटून तुटू शकतो.

पर्फोरेशनखाली हा पंप ठेवायचा तर आणखी एक पेच आहे. मोटर पंपाच्या खाली असते आणि अंगावरून वाहणाऱ्या द्रवाने थंड राहते. द्रव वरून आला तर मोटरपर्यंत पोचतच नाही. म्हणून तिच्यावर आवरण चढवून द्रव खालून फिरवून आणतात.

आणि स्क्रू पंप?

यात रबरी अस्तराच्या आत फिरणारा स्क्रू द्रव वर ढकलतो. फ्रेंच अभियंता रने म्वानो यांच्या कल्पनेतला हा पंप गॅसने लॉक होत नाही, व्हॉल्व्हच नाहीत. पण त्या अस्तराला द्रवाचंच वंगण आणि द्रवाचाच गारवा. नुसता गॅस ओढत राहिला तर रबर करपतं, आणि ते बाहेर काढेपर्यंत कळत नाही.

कंट्रोलर लावला, तो विहीर सारखी बंद करतो. बिघडलाय का?

बहुधा नाही, त्याला चुकीचं शिकवलं गेलंय. बॅरल अपुरं भरलं की विहीर उपसून झाली असं तो समजतो आणि पंप थांबवतो. कारण गॅस असेल तर पातळी वर असतानाच विहीर बंद राहते. बंद असताना पातळी मोजा. ती पंपाच्या कितीतरी वर सापडली तर कंट्रोलरची मर्यादा सैल करा, किंवा बंद करण्याऐवजी गती कमी करणारी रचना घ्या, आणि मूळ गॅसचा बंदोबस्त वेगळा करा. एका वेळी एकच बदल करा, आणि पुढचा बदल करण्याआधी चढउताराची निदान दोन-तीन पूर्ण चक्रं जाऊ द्या.

केसिंगचा गॅस तपासायला व्हॉल्व्ह हवेत उघडला तर चालेल?

चालणार नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. आगीचा धोका आहेच. नमुना बंद लाइनमधून घ्या, अंगावर गॅस डिटेक्टर लावून, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभं राहून, आणि सोबत दुसरा माणूस ठेवून.